गणित पक्कं, तरी प्रिलिम निघेना: एका मावसभावाचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या मावसभावाचं आहे. त्याला विचारून लिहितेय, फक्त "नाव नको टाकू ताई" म्हणाला म्हणून नुसतं भाऊ म्हणते. जिंतूर तालुक्यातला, बीएस्सी मॅथ्स, आधी काही वर्षं एमपीएससी केली, मग सत्तावीस लागलं आणि घरात कुजबुज सुरू झाली तेव्हा बँकिंगकडे वळला. क्लार्कला वयाची अट २० ते २८, आरक्षणातल्यांना त्यापुढे काही वर्षं मिळतात पण याला ती सवलत नाही, म्हणजे हातात फार पेपर उरलेच नव्हते. परभणीला अभ्यासिका लावली, मोबाइलवर टेस्ट सिरीज घेतली आणि स्टेट बँकेच्या क्लार्कची (जाहिरातीत ज्युनिअर असोसिएट म्हणतात ती) प्रिलिम, म्हणजे पहिली चाळणी परीक्षा, दिली. गेली. थोडक्यात नाही, चांगलीच खाली राहिली.

आता यात काय विशेष, लाखो पोरं देतात आणि बहुतेकांची जातेच. पण याच्या बाबतीत खटकणारी गोष्ट अशी होती की मोबाइलवरच्या मॉकमध्ये, म्हणजे सराव पेपरात, याला सत्तरच्या पुढे मार्क पडायचे, एकदोनदा नाही, सातत्याने, स्क्रीनशॉट काढून मलाच पाठवायचा की. आणि स्कोअरकार्ड आलं तर तिन्ही विषय मिळून पंचेचाळीसच्याही आत. शंभरपैकी पंचवीस-तीस मार्क रस्त्यात सांडले कुठं? मावशीचं म्हणणं नशीब. त्याचं स्वतःचं म्हणणं "इंग्रजीनं घात केला". मी बँकेतच आहे, क्लार्क म्हणून लागले आणि पुढे प्रमोशन घेतलं, तर घरच्यांनी मला सांगितलं की तूच बघ बाई आता याचं काय ते.

पेपर कसा असतो ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. शंभर प्रश्न, शंभर मार्क, एक तास. इंग्रजी ३० प्रश्न, गणित ३५, रिझनिंग ३५, आणि प्रत्येकाला वेगळी वीस-वीस मिनिटं. इंग्रजी लवकर संपलं म्हणून उरलेला वेळ गणिताला वापरता येत नाही, घड्याळ संपलं की कॉम्प्युटर आपोआप पुढच्या सेक्शनला नेतो आणि मागचा कायमचा बंद. एका प्रश्नाला पाच पर्याय, चुकलं की पाव मार्क वजा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रिलिमचे मार्क शेवटच्या मेरिटमध्ये धरतच नाहीत. स्टेट बँक जागांच्या साधारण दहापट पोरं मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला, बोलावते, तेवढ्यांत यायचं, बस. इथं पहिला आलेला आणि शेवटून आत घुसलेला दोघंही मेन्सला एकाच रेषेवर उभे असतात. भावाला हे सगळं पाठ होतं पण पाठ असणं आणि तसं वागणं यात अंतर असतं, ते पुढे येईलच.

मी त्याला आधी काहीच शिकवलं नाही. शिकवण्यासारखं गणित माझ्याकडे नाहीच, तो माझ्यापेक्षा दहापट हुशार आहे त्यात. एक रविवार ठरवला, नांदेडला माझ्याकडे बोलावलं, मुलाच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला जुना डेस्कटॉप होता त्याच्यावर पूर्ण मॉक लावली आणि मी त्याच्या मागे खुर्ची टाकून वही घेऊन बसले. कोणता प्रश्न कधी उघडला, किती वेळ त्यावर थांबला, सोडवला की नाही, एवढंच लिहायचं. मध्ये बोलायचं नाही. त्याला आधी फार अवघडल्यासारखं झालं, "मागून बघू नको ना ताई", पण परीक्षेत पण मागून सुपरवायझर फिरतोच.

एका तासानंतर हिशेब असा निघाला. इंग्रजी: २४ सोडवले, १४ बरोबर, १० चूक, म्हणजे साडेअकरा मार्क. गणित: १८ सोडवले, १७ बरोबर, एक चूक, पावणेसतरा. रिझनिंग: १९ सोडवले, १५ बरोबर, ४ चूक, चौदा. एकूण सव्वाबेचाळीस. म्हणजे खऱ्या पेपरच्या स्कोअरकार्डाच्या जवळपास तोच आकडा, माझ्या हॉलमध्ये पंख्याखाली बसून. तेव्हाच नशीब आणि पेपरचं टेन्शन हे दोन्ही मुद्दे निकाली निघाले.

मग मोबाइलवरचे सत्तर कुठून येत होते? त्याला खोदून खोदून विचारलं तर एकेक बाहेर आलं. ॲपमध्ये टेस्ट पॉज करता येते. घरून फोन आला की पॉज, चहा आला की पॉज, आणि पॉज केल्यावर समोर जो प्रश्न असायचा तो डोक्यात चालूच राहायचा ना. घड्याळ थांबलेलं, डोकं चालू. शिवाय बऱ्याच टेस्ट त्याने दुसऱ्यांदा दिलेल्या होत्या, "रिव्हिजन म्हणून", आणि दुसऱ्यांदा देताना प्रश्न ओळखीचे असतात हे त्याला कळत होतं पण स्क्रीनशॉट मात्र त्याच मार्कांचा काढायचा. यात लबाडी नव्हती हो, माणूस दिवसभर अभ्यासिकेत एकटा बसतो, संध्याकाळी कुठंतरी चांगला आकडा बघावासा वाटतो. पण त्या आकड्यावर तो विसंबला आणि कुठं दुखतंय ते कळलंच नाही.

आणखी एक बारीक भानगड. फोनवर पर्यायाला बोट लावलं की उत्तर नोंद होऊन जातं. परीक्षेच्या कॉम्प्युटरवर तसं नाही, पर्याय निवडायचा आणि मग सेव्ह अँड नेक्स्टचं बटण दाबायचं. पर्याय निवडला आणि उजवीकडच्या चौकटीतून थेट दुसऱ्या नंबरवर उडी मारली तर ते उत्तर सेव्ह होत नाही, सूचनांच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं पण ते पान कोण वाचतंय. माझ्या डेस्कटॉपवर त्याने हे तीनदा केलं. मी वहीत लिहून ठेवलं आणि नंतर दाखवलं तर चेहरा उतरला, म्हणाला ताई, तिकडं पण मी असंच केलं असणार. किती उत्तरं तशी गेली ते आता ब्रह्मदेवालाच ठाऊक.

पण खरी गोष्ट गणिताच्या पानावर होती. ते पान मी आजही जपून ठेवलंय.

बघा, ज्याचा विषय गणित, त्याला ३५ पैकी पावणेसतरा. चुका किती? एक. म्हणजे येत नाही असं काहीच नव्हतं. त्याने क्रमाने सुरुवात केली, एक, दोन, तीन. चौथ्यापासून एक डीआयचा (तक्ते-आलेखांवरच्या प्रश्नांचा) सेट लागला, तक्ता होता, पाच दुकानांची विक्री वगैरे, त्याला पूर्ण सहा मिनिटं दिली. बरोबर सोडवला, पाचच्या पाच. मग एक नाव-प्रवाहाचं गणित, त्यात दोन मिनिटं चाळीस सेकंद, तेही बरोबर आलं. मग एक भागीदारीचं, तिथं समीकरण मांडलं, खोडलं, परत मांडलं, शेवटी उत्तर पर्यायांत नाही, सोडलं, तिथं अडीच मिनिटं गेली. असं करत एकविसाव्या प्रश्नापर्यंत आला आणि वेळ संपला. बावीस ते पस्तीस हे चौदा प्रश्न त्याने उघडलेसुद्धा नाहीत.

मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं आता घड्याळ नाही, तेवढे चौदा सोडव. त्यात पाच ॲप्रॉक्सिमेशनची होती, तीन वर्गसमीकरणांची, दोन नंबर सिरीजची. हे दहा त्याने सहा-सात मिनिटांत उडवले, दहाच्या दहा बरोबर. म्हणजे दहा मार्क फुकटचे टेबलावर पडलेले होते आणि हा बाजूला बसून भागीदारीचं समीकरण खोडत होता.

त्यातलं एक सांगते. ३९.९७ टक्के ६४९.८ चे, अधिक १८.०३ गुणिले ११.९८. म्हणजे ६५० चे ४० टक्के २६०, अठरा बारा दोनशे सोळा, झाले ४७६. दहा सेकंदांचं काम. सिरीज होती ७, ८, १८, ५७ पुढे काय, तर गुणिले एक अधिक एक, गुणिले दोन अधिक दोन, गुणिले तीन अधिक तीन, म्हणून ५७ चोक २२८ अधिक चार, २३२. हेही तोंडी. वर्गसमीकरणात एकीकडे एक्स स्क्वेअर अधिक ७ एक्स अधिक १२ आणि दुसरीकडे वाय स्क्वेअर वजा ९ वाय अधिक २० असं दिलेलं, एक्स मोठा की वाय मोठा. पहिल्यात दोन्ही चिन्हं अधिक, म्हणजे दोन्ही उत्तरं ऋण. दुसऱ्यात मधलं वजा, शेवटचं अधिक, म्हणजे दोन्ही धन. अवयव पाडायची पण गरज नाही, वाय मोठा, पुढे चला. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, ही चिन्हांची ट्रिक त्यानेच मला समजावली! पण रफ कागदावर बघितलं तर पहिल्या टप्प्यात एका गणितात ८५६ चे ३७.५ टक्के काढायला याने ८५६ गुणिले ३७५ असा उभा गुणाकार मांडलेला. साडेसदतीस टक्के म्हणजे तीन अष्टमांश, ८५६ ला आठने भाग दिला की १०७, तिप्पट ३२१. घाईत माणूस परत शाळेतल्या पद्धतीवर जातो, पाठ असलेल्या ट्रिका वहीतच राहतात.

तर माझं निदान असं होतं, आणि यावर आमचं बरंच वाजलं, की याला गणित येतं हाच याचा प्रॉब्लेम आहे. ज्याला येत नाही तो भागीदारीचं गणित बघून घाबरून पुढे जातो. याला वाटतं हे तर मला येतंय, सोडून कसं देऊ. एमपीएससीचा पण हातभार होता, तिथं दोन दोन तासांचे पेपर, वाचायची सवय, प्रश्नाशी झुंजायची सवय. त्याच्याच अभ्यासिकेतला एक बीए झालेला मुलगा, गणितात याच्याकडेच शंका विचारायला यायचा, त्याची प्रिलिम निघाली होती. याला ते सलत होतं. "त्याला काही येत नाही ताई, नुसते सोपे सोपे करतो." मी म्हटलं, अरे मग, पेपरवाल्याने सोप्याला पण एकच मार्क दिलाय आणि अवघडला पण एकच.

तरी गडी ऐकेना. मग मी त्याला आमच्या काउंटरचं सांगितलं. पहिल्या आठवड्यात पेन्शनची गर्दी असते, लाइनीत पुढे एखादा व्यापारी सत्तर चेकांचा गठ्ठा आणि दोन आरटीजीएस घेऊन उभा असतो, त्याच्या मागे पंधरा आजीआजोबा फक्त पासबुक छापायला. तेव्हा आपण काय करतो, शेठजी जरा बसा, स्लिपा तपासून ठेवा, म्हणतो आणि आधी पासबुकं काढतो. शेठजीचं काम आपल्याला येत नाही म्हणून नव्हे. हे मात्र त्याला पटलं, कारण पुढचे दोन महिने तो अवघड गणिताला "शेठजी" म्हणायला लागला.

मग पद्धत बदलली. गणिताची वीस मिनिटं दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत सगळेच्या सगळे ३५ प्रश्न डोळ्यांखालून गेले पाहिजेत. ॲप्रॉक्सिमेशन, सिरीज, वर्गसमीकरण दिसलं की तिथंच सोडवायचं, आणि शब्दांचं गणित वाचल्या वाचल्या रस्ता दिसला तरच पेन टेकवायचं. डीआय आली की फक्त तक्त्याकडे नजर टाकायची, आकडे गोल असतील तर करून टाकायची, विचित्र असतील तर मार्क फॉर रिव्ह्यू, म्हणजे नंतर बघायची खूण. दुसऱ्या फेरीत शेठजी. अंदाजे चाळीस सेकंदांत गणित हलत नसेल तर सोडायचं हा नियम. सुरुवातीला नियम पाळताना त्याला अक्षरशः त्रास व्हायचा, सोडलेला प्रश्न मनात घोळत राहायचा आणि त्या नादात पुढचा सोपा चुकायचा. पहिल्या दोन-तीन मॉकमध्ये मार्क वाढायच्या ऐवजी कमी झाले. मावशीचा मला फोन, "तू काय सांगितलंस त्याला?" मी म्हटलं थांब थोडी.

रिझनिंगमध्ये रोग तोच, पण वेगळ्या जागी. तिथं त्याने पस्तीसच्या पस्तीस उघडले होते, पण सुरुवातच गोल टेबलाच्या बैठकीने केली. आठ जण, काहींची तोंडं आत, काहींची बाहेर, कोण कुठं बघतंय तेही आपणच शोधायचं. सात मिनिटं दिली आणि शेवटी शेवटची अट बसेना, सगळं खोडलं. सात मिनिटं म्हणजे सेक्शनचा तिसरा हिस्सा, आणि हातात शून्य. त्याच वेळी इनइक्वॅलिटी (लहान-मोठ्याची चिन्हं), सिलॉजिझम (विधानांवरून निष्कर्ष), अक्षर-अंकांची मालिका, दिशा, नातेसंबंध हे पंधरा-सोळा सुटे प्रश्न बाहेर वाट बघत बसलेले. ते नंतर घाईघाईत केले म्हणून चार चुका पण त्याच सुट्यांमध्ये झाल्या. पझल तसं रिझनिंगमध्ये टाळून चालत नाही, निम्म्याच्या आसपास प्रश्न पझल-बैठकीचेच असतात, त्यामुळे "पझल करूच नको" असं सांगणारे जे महाभाग आहेत त्यांचं ऐकू नये. पण कोणतं आधी करायचं हे आपल्या हातात असतं. आमचं ठरलं ते असं: सुटे आधी, साधारण सात-आठ मिनिटांत, मग उरलेल्या पझलांच्या फक्त अटी वाचायच्या आणि ज्यात पक्की जागा सांगणारी अट आहे ("अमका चौथ्या मजल्यावर राहतो" टाइप) ते पहिलं. दोन मिनिटांत तीन माणसं जागेवर बसली नाहीत तर ते पझल सोडून दुसरं. आणि दोन शक्यता निघत असतील तर खोडाखोड न करता रफ कागदावर दोन आकृत्या शेजारी शेजारी, जी मोडेल तिच्यावर काट मारायची. हे शेवटचं फार कामाचं निघालं कारण सेंटरवर रफ कागद मोजकाच देतात आणि हा घरी आख्खी फुलस्केप वही वापरायचा.

सिलॉजिझममध्ये एक जुनी चूक सापडली. ओन्ली अ फ्यू असं आलं की तो फक्त "काही आहेत" एवढंच धरायचा. त्यात दोन गोष्टी असतात, काही आहेत आणि काही नाहीत. "ओन्ली अ फ्यू पेन आर बुक्स" म्हटलं की सगळे पेन पुस्तकं असण्याची शक्यता तिथंच संपली. आजकाल दर पेपरात हे असतं आणि याचा एक-दीड मार्क दरवेळी त्यातच जायचा.

आता इंग्रजी. इथं मला खरं तर भीती होती कारण पुढचा फॉर्म आयबीपीएस (बाकीच्या सरकारी बँकांसाठी परीक्षा घेणारी संस्था) क्लार्कचा भरला होता. स्टेट बँकेच्या प्रिलिमला प्रत्येक विषयाचा वेगळा कटऑफ नाही, एकूण मार्क बघतात. आयबीपीएसला प्रत्येक विषयात वेगळा कटऑफ पार करावा लागतो आणि मग एकूण. स्टेट बँकेच्या वेळी त्याला कुणीतरी सांगितलेलं की सेक्शनल नाहीये तर इंग्रजी सोडून दे, गणितात काढू. पण वीस मिनिटं तर तिथंच बसायचं आहे, ती गणिताला मिळत नाहीत, मग ती वाया का घालवायची? सोडून दे म्हणणाऱ्यांचा हा हिशेब मला कधीच कळला नाही.

त्याच्या २४ प्रश्नांची फोड केली तर गंमत निघाली. उताऱ्यावरचे आठ सोडवलेले, त्यातले सात बरोबर. क्लोझ टेस्टमध्ये (उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या) बरे. आणि एरर शोधायचे, शब्दांची अदलाबदल, मुहावरे-बिहावरे यात जवळपास सगळ्या चुका. सगळीकडे सल्ला असतो की व्याकरण-व्होकॅब आधी पटपट करा आणि उतारा शेवटी. याच्यासाठी नेमकं उलटं. जिंतूरच्या मराठी शाळेत शिकलेला मुलगा, आर्टिकल आणि प्रिपोझिशन कानाला कधी ऐकूच आलेले नाहीत, पण उतारा वाचून कळतो कारण एमपीएससीसाठी इंग्रजी वर्तमानपत्र वाचायचा. मग उतारा पहिला, निवांत आठ मिनिटं, मग क्लोझ, मग वाक्यांचा क्रम, आणि एरर सगळ्यात शेवटी. व्याकरणात पण सगळं नाही, फक्त कर्ता-क्रियापदाचा मेळ, काळ, आणि ठरलेली प्रिपोझिशन्स. दोन महिन्यांत इंग्रजी भाषा येत नाही, हे मान्य करून टाकलं की बरंच ओझं उतरतं.

तुक्क्याचा पण हिशेब त्याला गणिती भाषेत घातला, तिथं तो खूश. पाच पर्यायांतून डोळे झाकून पाच प्रश्न मारले तर सरासरी एक बरोबर येणार, चार चूक, चार पाव म्हणजे एक मार्क गेला. आले तेवढेच गेले, शून्य. म्हणजे आंधळा तुक्का सरासरीत ना तारतो ना मारतो, पण एखाद्या दिवशी मारूही शकतो. दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळत असेल आणि तिघांतून एक निवडायचा असेल तर तीन प्रश्नांत एक बरोबर, दोन चूक, अर्धा मार्क हातात राहतो. म्हणून नियम केला की किमान दोन पर्याय कापता आले तरच खूण करायची. पूर्वी तो इंग्रजीत नुसतं "बी" मारत सुटायचा.

आणखी एक बदल म्हणजे मॉक फोनवर देणं बंद. परभणीत एका कॉम्प्युटर क्लासवाल्याशी बोलून सकाळचा एक तास मिळवला, एक दिवसाआड, माउसने, पॉज नाही, रफला मोजके कोरे कागद. कीबोर्डला हात नाही कारण सेंटरवर पण लावू देत नाहीत. आणि मॉक झाल्यावर त्याच दिवशी वहीत तीन रकाने: केले आणि चुकले, उघडले आणि सोडले, उघडलेच नाहीत. तिसरा रकाना रिकामा असणं हे पहिलं ध्येय, मार्क नंतर. दिवसाला दोन-दोन मॉक द्या म्हणणारे व्हिडिओ त्याने बघितले होते, त्याला वाटायचं आपण कमी पडतोय. माझ्या मते एक मॉक दिली की दुप्पट वेळ ती उलगडण्यात गेला पाहिजे, नाहीतर त्याच चुका रोज दोनदा करण्याची सवय लागते, दुसरं काही नाही.

वहीचा तिसरा रकाना तीन-चार आठवड्यांत रिकामा झाला. पेपरच्या आधी मी परत एकदा मागे खुर्ची टाकून बसले. इंग्रजी २२ सोडवले, १७ बरोबर. गणित २८, त्यातले २६ बरोबर. रिझनिंग २९, त्यातले २६. वजाबाकी करून साडेसहासष्ट. या मधल्या काळात त्याने गणिताचा एकही नवीन टॉपिक केला नव्हता.

आयबीपीएसच्या पेपरला सेंटर नांदेडच आलं. आदल्या रात्रीच माझ्याकडे येऊन राहिला, गावाबाहेरचं कॉलेज होतं, सकाळची शिफ्ट, ओळखपत्र-फोटो-बोटाचे ठसे करून आत. बाहेर आला तेव्हा चेहरा पडलेला. मला वाटलं झालं परत. तर झालं असं होतं की बाहेर पडल्या पडल्या टेलिग्राम उघडलं आणि तिथं "गुड अटेम्प्ट ऐंशी प्लस" वगैरे चाललेलं, आणि याने सोडवलेले पंचाहत्तरच्या आसपास. मी म्हटलं, पहिली गोष्ट म्हणजे ती पोरं कोणत्या शिफ्टची आहेत? वेगवेगळ्या शिफ्टला वेगवेगळे पेपर असतात, कुठला सोपा कुठला अवघड, म्हणून मार्क समान पातळीवर आणायला नॉर्मलायझेशन करतात, आयबीपीएस त्यासाठी इक्वी-पर्सेंटाइल पद्धत (आपल्या शिफ्टमधल्या क्रमावरून मार्क जुळवायची) वापरते. सोप्या शिफ्टच्या ऐंशीची आणि अवघड शिफ्टच्या सत्तरची सरळ तुलना होतच नाही. आणि दुसरी गोष्ट, सोडवले किती याला मार्क नसतात. किती प्रश्न उघडले नाहीत ते सांग. म्हणाला, गणितात एकही नाही, रिझनिंगमध्ये एक गोल टेबल होतं, अटी वाचल्या आणि सोडलं. "शेठजी होता ताई."

फोनवरून टेलिग्राम काढून टाकायला लावलं, म्हणजे त्याने म्यूट केलं, काढलं नाही.

प्रिलिम निघाली. इंग्रजीच्या कटऑफला थोडक्यात पार झाला, एकूणात बऱ्यापैकी वर. घरी पेढे आणले तर मीच ओरडले, कारण मेन्सला हातात जेमतेम काही आठवडे होते आणि प्रिलिमच्या नादात याने जनरल आणि फायनान्शियल अवेअरनेसला हातच लावलेला नव्हता. प्रिलिमला ते नसतं, मेन्सला असतं आणि क्लार्कला इंटरव्ह्यू नसल्यामुळे निवड मेन्सच्याच मार्कांवर होते. तिथं मात्र इतकी वर्षं जी वाया गेली असं घरचे म्हणत होते ती एमपीएससी कामाला आली, अर्थव्यवस्था, बजेट, रिझर्व्ह बँक, पतधोरण, सगळं वाचलेलं, फक्त नवीन आकडे भरायचे होते. रेपो रेट कितीवर आहे ते विचारलं तर दोन वर्षांपूर्वीचा सांगितला पठ्ठ्याने. सध्या रोज रात्री नऊला फोन करतो, मी दहा प्रश्न विचारते, शाखेतल्या कामातलेच, केवायसी, एनईएफटी, एनपीए असले, आणि संकल्पना त्याच्या पक्क्या आहेत पण तारखा आणि टक्के अजून गडबडतात.